घातक कचऱ्याची वाहतूक (बडोदा)

कारखान्यात निघालेला घातक कचरा गेटबाहेर काढून मान्यताप्राप्त ठिकाणी पोचवायची सगळी व्यवस्था, म्हणजे पॅकिंग, लेबल, गाडी, ड्रायव्हर आणि कागद. ही नोंद मुख्यतः बडोद्याचा पट्टा धरून आहे, नंदेसरी, मकरपुरा, पादरा, वाघोडिया वगैरे.

नाव : राजपत्रातल्या हिंदीत 'परिसंकटमय अपशिष्ट' आहे, ते कोणी बोलत नाही. गुजरातीत 'जोखमी कचरो', मराठी पुस्तकात 'घातक' किंवा 'धोकादायक कचरा', आणि शहरातल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातून नंदेसरीला शिफ्टला जाणारी मराठी मंडळी सरळ 'हॅझार्डस' म्हणतात, "आज हॅझार्डसची गाडी येणारे का?" एवढंच. जुने लोक अजून 'कॅटेगरी कुठली?' विचारतात, कारण १९८९ च्या नियमांत कचऱ्याचे १८ वर्ग होते. पुढे प्रक्रियेवरून यादी झाली, २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात अशा ३८ प्रक्रिया आहेत. वापरलेलं ऑइल ५.१, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटचा) गाळ ३५.३, केमिकल लागलेले रिकामे ड्रम ३३.१, यादीतले हे आकडे इथल्या ईएचएसवाल्याला (कारखान्यात पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघणाऱ्याला) झोपेतून उठवून विचारले तरी येतात.

उगम : यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं सगळं भोपाळमुळे, डिसेंबर १९८४ ची गळती, त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखाली जुलै १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम. दुसरं मत बाझल करार (घातक कचऱ्याच्या देशादेशांतल्या ने-आणीवरचा आंतरराष्ट्रीय करार) आणि अमेरिकेतल्या १९७६ च्या कायद्याकडे बोट दाखवतं, कारण कचऱ्यासोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कोणी काय पाठवलं आणि कोणी घेतलं याचा सहीचा कागद, फिरवायची पद्धत तिकडे १९८० पासूनच चालू होती. नियमांपुरतं पहिलं मत जास्त पटतं, बाझल करार झाला मार्च १९८९ मध्ये पण भारताने तो मान्य केला १९९२ मध्ये, म्हणजे आपले नियम आधीचे. मॅनिफेस्टचं मात्र वेगळं दिसतं. रंगीत सहा प्रतींची योजना २००० च्या दुरुस्तीतली आहे, ती नंतर बाहेरून आणून जोडलेली वाटते आणि तिचा तोंडवळा भोपाळपेक्षा अमेरिकन पद्धतीशी जास्त जुळतो. २०१६ च्या नियमांत (अधिसूचना ४ एप्रिल २०१६) प्रती सात झाल्या.

मॅनिफेस्ट (फॉर्म १०) : पांढरी प्रत पाठवणारा बोर्डाला (राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला) देतो, पिवळी ट्रान्सपोर्टरची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो, बाकी पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी घेणाऱ्याची, केशरी ट्रान्सपोर्टरची, हिरवी घेणारा बोर्डाला पाठवतो, निळी परत पाठवणाऱ्याकडे येते आणि राखाडी फक्त माल परराज्यातून आला असेल तर पाठवणाऱ्याच्या राज्याच्या बोर्डाला. गुजरातमध्ये हे आता बोर्डाच्या एक्सजीएन पोर्टलवर ऑनलाइन होतं, पण निळी आली का, हा प्रश्न अजून रंगानेच विचारला जातो.

जबाबदारी कोणाची : सगळ्यात जास्त वाद इथे. २०१६ च्या नियमांतला नियम १८ म्हणतो की पाठवणारा किंवा घेणारा, ज्याने गाडीची व्यवस्था केली आणि ज्याच्याकडे त्याचं ऑथोरायझेशन (बोर्डाची परवानगी) आहे, सुरक्षित वाहतूक त्याची, आणि हे मॅनिफेस्टवर स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. बडोद्यात बऱ्याचदा लँडफिलवाले (कचरा पुरणारे) किंवा इन्सिनरेटरवाले (जाळणारे) स्वतःची गाडी पाठवतात, म्हणून कारखानदार समजतात की गेटपास फाडला, आपण सुटलो. पण नियम ४ प्रमाणे कचरा मान्यताप्राप्त ठिकाणीच जाईल हे बघणं निर्माण करणाऱ्याचं काम आहे आणि नियम २३ नुकसानीसाठी त्याचं नाव घेतोच, त्यामुळे सुटण्याचं वाचन जरा सोयीचं वाटतं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिन जीआयडीसीत (तिथल्या औद्योगिक वसाहतीत) एका टँकरने नाल्यात बेकायदा केमिकल सोडलं, गॅसने सहा कामगार गेले. त्यानंतर ट्रान्सपोर्टरचा स्वस्त रेट ऐकून पर्चेसवाले खूश होतात तेव्हा ईएचएसवाले आधी विचारतात, हा माल नेमका कुठे रिकामा करणार.

परराज्य : विल्हेवाटीसाठी माल बाहेर जाणार, समजा तळोज्याला, तर दोन्ही राज्यांच्या बोर्डांची एनओसी लागते. रिसायकलिंग किंवा सिमेंट भट्टीसाठी जाणार असेल तर दोघांना आगाऊ कळवणं पुरतं.

लेबल व गाडी : फॉर्म ८ च्या लेबलला चमकदार पिवळी पार्श्वभूमी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. स्थानिक म्हणजे कुठली? बडोद्यात गुजराती छापतात, पण गाडी तळोज्याला उतरणार असेल तर तिथला हमाल मराठी वाचणारा, म्हणून काही जण चौथी ओळ मराठीत टाकतात. नियमात ही ओळ नाही, पण चूकही नाही. गाडी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शिकेनुसार शक्यतो निळी, मधून १५ ते ३० सेंमीचा पांढरा पट्टा. ड्रायव्हरला मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय इंग्रजी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा लिहिता-वाचता यावी लागते. केबिनमध्ये ट्रेम कार्ड (फॉर्म ९) असतं, गळती झाली तर काय करायचं ते त्यावर.

पोचल्यावर : गाडी काट्यावर जाते, सँपल काढून फिंगरप्रिंट टेस्ट (माल तोच आहे का हे बघायची झटपट तपासणी) होते, आधी दिलेल्या अ‍ॅनालिसिसशी जुळली नाही तर गाडी उभी. वजनाचा घोळ गाळात नेहमीचा. फिल्टर प्रेसमधून (गाळातलं पाणी दाबून काढायच्या यंत्रातून) काढलेला केक, म्हणजे दाबलेला गाळ, आतल्या प्लास्टिक लाइनरशिवाय पिशव्यांत भरला की बडोदा ते अंकलेश्वर, साधारण ८० किलोमीटर, वाटेत पाणी टपकत जातं, मग दोन काट्यांत फरक पडतो आणि तो फरक मॅनिफेस्टवर कारणासकट लिहावा लागतो, नाहीतर उरलेला माल कुठे गेला हे विचारायला बोर्ड मोकळा.

लहान युनिट : मकरपुऱ्याच्या इंजिनिअरिंग शेडांबद्दल लिहिलेलं फार सापडत नाही. कचरा ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो, वर्षाला १० टनांपर्यंत करणाऱ्यांना बोर्ड १८० दिवस देऊ शकतं. तिथे वर्षातून एखादीच गाडी भरते, म्हणून दोन-तीन शेडवाले मिळून गाडी बोलावतात, पण मॅनिफेस्ट मात्र प्रत्येकाचा वेगळा. आणि कोपऱ्यात दोन-चार रिकामे ड्रम असतात, भंगारवाला रोज भाव विचारून जातो. आडवा केला की बुंध्यातून बोटभर काळं काहीतरी वाहतं, तो ड्रम ३३.१.