फेस्ताचं तीर्थ, दारची सदाफुली आणि बुरशी

गोव्यात पावसाळा म्हटलं की कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होणार आणि भिंतीला काळे डाग पडणार, आपण पुसतो नि विसरतो. त्यातलीच एक बुरशी अ‍ॅस्परजिलस. फ्लॉरेन्सचा मिकेली नावाचा पाद्री वनस्पतींचाही अभ्यासक होता, त्याने 1729 मध्ये तिला हे नाव दिलं, कारण चर्चमध्ये तीर्थ शिंपडतात ना त्या दांड्यासारखी ती त्याला दिसली. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पाद्री हलवत जातो तोच दांडा!

तिचे बीजकण 2-3 मायक्रॉनचे, इतके बारीक की तुम्ही आम्ही सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. काही होत नाही, कारण आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथेच संपवतात. पण ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलात आजार आणि किमो मिळून नेमक्या ह्याच पेशी घटवतात, न्यूट्रोफिलचा (त्याच पांढऱ्या पेशींचा) काउंट 500 च्या खाली गेला आणि दहाबारा दिवस तसाच राहिला की मग बुरशीला रान मोकळं.

अशा मुलाला ताप आला की अँटिबायोटिक लगेच, रिपोर्टची वाट न बघता. 4 दिवसांनीही ताप हटला नाही तर छातीचा सीटी करतात आणि बरेचदा बुरशी सापडायच्या आधीच तिचं औषध सुरू करतात. "अंदाजाने औषध देतायत" असं नातेवाईक कुजबुजतात, पण अ‍ॅस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये सहसा उगवतच नाही, वाट बघत बसलं तर फुप्फुस जाईल त्याचं काय.

आता खरी गोची. अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे चांगलं औषध. ल्युकेमियाच्या किमोत व्हिन्क्रिस्टिन असतं, ते येतं आपल्या दारातल्या सदाफुलीतून (खरंच, तीच गुलाबी फुलं). व्हिन्क्रिस्टिनचा निचरा लिव्हरमध्ये ज्या एन्झाइममुळे होतो तेच व्होरिकोनॅझोल अडवतं, मग व्हिन्क्रिस्टिन अंगात साठतं आणि नसांना मार बसतो, पोट गच्च बंद होतं, पाय लुळे पडतात, कधी फिट्सही येतात. किमो थांबवावी तर कॅन्सर डोकं वर काढणार. म्हणून त्या दिवसांत डॉक्टर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा कॅस्पोफंजिन ह्या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांकडे वळतात. अ‍ॅम्फोटेरिसिन जुनं औषध, किडनीला त्रास देणारं, चरबीच्या बारीक थेंबात गुंडाळल्यावर बरंच सोसवतं. म्युकर ही दुसरी बुरशी असेल तर व्होरिकोनॅझोल चालतच नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिनच लागतं, आणि सडलेला भाग ऑपरेशन करून काढावा लागतो. डोसचंही वेगळंच, मुलांचं शरीर व्होरिकोनॅझोल भराभर संपवतं, त्यामुळे किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त द्यावं लागतं आणि रक्तातली लेव्हल बघत राहायची.

घरी काय? काउंट खाली असताना बांधकामाची धूळ नको, कुंडीतली माती उकरणं नको, ओल आलेली खोली तर नकोच. आणि चवथ आली की माटोळी! गणपतीवर टांगतात ती रानातली फळं, पानं, मुळं, सगळी मातीसकट. आजीला वाईट वाटेल, पण पोराला त्या खोलीत नेऊ नका, गणपती व्हिडिओ कॉलवर दाखवा.