थांबायला सांगितलं, तरी थांबेना

एलईडी लुकलुकायला हवा होता; पेटणं-विझणं यांच्या मध्ये वेळ काढायला कोडमध्ये नुसता आकडे मोजणारा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा तुकडा) घातलेला असतो. पण एलईडी मंद आणि सलग पेटलेला दिसतो. वायरिंग ठीक, रेझिस्टर ठीक, कालपर्यंत हाच कोड नीट चालत होता. बदल एकच झालेला असतो: कंपायलरचं, म्हणजे कोडचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचं, ऑप्टिमायझेशन (कोड लहान आणि वेगवान करणं) सुरू केलेलं असतं.

अशा वेळी मी आधी कंपायलरने बनवलेलं असेम्ब्ली, म्हणजे चिपच्या सूचनांची यादी, उघडतो. एटीमेगा ३२८पी या एव्हीआर घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी तिथे जेमतेम तीन सूचना उरलेल्या असतात: पिन चालू, पिन बंद, परत वर उडी. प्रत्येकीला क्लॉकची (चिपच्या ठोक्यांची) दोन चक्रं, म्हणजे एका फेरीला सहा. १६ मेगाहर्ट्झवर एलईडी सेकंदाला २६ लाखांहून जास्त वेळा उघडझाप करतो. सहापैकी दोनच चक्रं पेटलेला, म्हणून उजेड मंद. मधला वेळ काढणारा लूप पार गायब!

यात कंपायलरची चूक नाही. प्रोग्रामला किती वेळ लागावा, याबद्दल सी भाषेचे नियम काहीच सांगत नाहीत. लूपमध्ये एक आकडा वाढत जातो आणि तो पुढे कुणीच वाचत नाही. काढून टाकला तरी उत्तर तेच, मग ठेवायचा कशाला?

मोजणीच्या व्हेरिएबलला ‘व्होलटाइल’ म्हटलं की लूप टिकतो, कारण आता त्याचं प्रत्येक वाचणं-लिहिणं खरोखर करावंच लागतं. मात्र एका फेरीला किती चक्रं लागतील, याची हमी त्यातही नाही. लूपच्या पोटात व्होलटाइल असेम्ब्लीची ‘नॉप’ (काहीच न करणारी) सूचना ठेवणं मला जास्त पटतं. ती कंपायलर काढत नाही आणि आकडाही रजिस्टरमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट जागेत, राहू शकतो.

ऑप्टिमायझेशनच बंद करून टाकणं हा उपाय मात्र नको. कोड फुगतो, मंदावतो. शिवाय एव्हीआरच्या लायब्ररीतलं तयार डिले (थांबण्याचं) फंक्शन ऑप्टिमायझेशन सुरू असेल तरच वेळ बरोबर पाळतं. त्याला क्लॉकचा वेगही आधी सांगावा लागतो.

काही मायक्रोसेकंद थांबायचं असेल तर लूप चालेल. अर्धा सेकंद थांबायचं तर टायमरकडेच, म्हणजे चिपमधल्या स्वतंत्र मोजणी करणाऱ्या भागाकडेच, जावं. लूप चालू असताना इंटरप्ट (मधेच दुसरं काम करायला लावणारा इशारा) आला की वेळ लांबते आणि प्रोसेसर नुसता अडकून पडतो. याच चिपचा १६ बिटांचा टायमर २५६ च्या प्रीस्केलरवर (क्लॉकची २५६ चक्रं म्हणजे एक मोजणी) लावला, तर ३१,२५० मोजण्यांत बरोबर अर्धा सेकंद भरतो, आणि तोवर प्रोसेसर दुसरं काम करायला मोकळा असतो.