रिप्लिकेशन सेटिंगच्या पॅचचा रिव्ह्यू

रिप्लिकेशन सेटिंगच्या पॅचचा रिव्ह्यू : डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर कशी ठेवायची हे ठरवणाऱ्या सेटिंगमधला बदल मुख्य कोडमध्ये घेण्यापूर्वी दुसऱ्या प्रोग्रामरने केलेली तपासणी. असा पॅच बहुधा चार-दोन ओळींचा असतो आणि त्यामुळेच वरवर पाहून मंजूर होतो. सोलापुरात त्यातला धोका समजावायला लांब जावे लागत नाही. जॅकार्ड मागाच्या कार्डात एक भोक चुकले, की त्या कार्डावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत ती चूक उतरते; नुसते कार्ड हातात घेऊन मात्र ती चटकन दिसत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) या नोंदवहीत लिहिला जातो. पेढीवर आधी कीर्द आणि मग खतावणी, तसेच. प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर ही कीर्द स्टँडबायकडे, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतो आणि स्टँडबाय तीवरून आपली खतावणी भरतो. ही सोय २०१० साली ९.० आवृत्तीत आली. पुढे २०१७ च्या १० व्या आवृत्तीत ‘वॉल लेव्हल’चे, म्हणजे वॉलमध्ये किती तपशील लिहायचा या सेटिंगचे, डीफॉल्ट ‘मिनिमल’वरून ‘रेप्लिका’ झाले. त्याआधी नव्या सर्व्हरवर स्टँडबाय जोडायचा तर सेटिंग बदलून प्रायमरी रीस्टार्ट करावा लागे. डीफॉल्ट बदलणारा पॅच असेल तर कोड, नमुना कॉन्फिग फाइल आणि दस्तऐवज या तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे ना, हे प्रथम पाहतात. ते काम कंटाळवाणे, पण सोपे.

खरी गोम डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, न दिसणाऱ्या मशीनमध्ये असते. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात प्रायमरी आहे, नवी पेठेतल्या ऑफिसात स्टँडबाय, आणि पॅच ‘मॅक्स कनेक्शन्स’, म्हणजे एका वेळी किती जोडण्या चालतील तो आकडा, १०० वरून ३०० करतो. हा आकडा स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी असून चालत नाही. म्हणून वाढवताना आधी स्टँडबाय, मग प्रायमरी. कमी करताना उलट. दोन्हीकडे रीस्टार्ट लागतो. क्रम चुकला तर १४ व्या आवृत्तीपासून स्टँडबाय कीर्द वाचणे थांबवतो; त्याआधीच्या आवृत्त्यांत तो सरळ बंद पडे. पॅचमध्ये आकडा बरोबर आणि क्रमाचा उल्लेखच नाही, असे असेल तर रिव्ह्यूअरने तो परत पाठवावा.

रिप्लिकेशन स्लॉट हे दुसरे ठिकाण. स्टँडबायने न घेतलेली वॉल स्लॉट जपून ठेवतो. वॉलचा एक भाग डीफॉल्टने १६ एमबीचा. तासाला १०० भाग तयार होत असतील तर १.६ जीबी. डिस्कवर २०० जीबी मोकळी असेल तर १२५ तास, म्हणजे पाच दिवसांहून थोडे जास्त. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ऑफिस बंद ठेवून स्टँडबायचा स्विच कोणी काढला, तर परत येईपर्यंत डिस्क भरून कारखान्यातला प्रायमरीच बंद पडायचा. १३ व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते. डीफॉल्टने ती नसते. मर्यादा घातली की प्रायमरी वाचतो, पण मागे पडलेला स्टँडबाय नव्याने उभारावा लागतो. यातले काय परवडते ते कारखान्याला विचारूनच ठरते.

सिंक्रोनस रिप्लिकेशन, म्हणजे स्टँडबायची पोच आल्यावरच नोंद पुरी मानणे, सुरू करणारा पॅच नुसता वाचून मंजूर करू नये. एकाच लॅपटॉपवर ५४३२ आणि ५४३३ पोर्टवर दोन सर्व्हर चालवून हे तपासता येते. स्टँडबाय बंद करून एक ऑर्डर टाकली, की पडद्यावर एररही येत नाही आणि ऑर्डर झाल्याचेही येत नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहतो. वैतागून रद्द केले तर इशारा येतो, की नोंद प्रायमरीवर झालेली आहे, स्टँडबायवर कदाचित पोचली नसेल. तो इशारा अ‍ॅपने गिळला तर क्लार्क तीच ऑर्डर पुन्हा टाकतो आणि पाचशे टॉवेलांचे हजार होतात.