उघड्यावरच्या मद्यपानावरील निर्बंध : दारूबंदीचा कायदा आणि गोव्याचे किनारे

महाराष्ट्रात मैदानात, रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या गडावर ओली पार्टी करणाऱ्यांवर पोलीस गुन्हा दाखल करतात, तेव्हा आधार बहुधा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचा घेतला जातो. हा कायदा 1949 सालचा असून मूळचा मुंबई प्रांताचा आहे, आणि त्याचा उद्देश सार्वजनिक जागा स्वच्छ व शांत ठेवणे हा नव्हता, तर दारूच हद्दपार करणे हा होता.

त्यापूर्वी ब्रिटिश सरकारचे धोरण महसुलाचे होते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारी पकड बसवली आणि तिजोरी भरली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट 1939 मध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग सुरू केला, पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो रेंगाळला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा कायदा आला आणि 1950 मध्ये प्रांतभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या बंदीला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये या कायद्याच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या, तरी त्याचा गाभा कायम राहिला. 1960 च्या विभाजनानंतर हाच कायदा गुजरातकडेही गेला आणि तिथे तो कठोरपणे टिकला. महाराष्ट्राने मात्र पुढे परवाने सढळ केले, दुकाने व परमिट रूम उघडू दिल्या, पण कायदा रद्द केला नाही.

त्यातून आजचा विचित्र सांधा तयार झाला. कलम 85 नुसार रस्त्यावर किंवा लोकांना प्रवेश असलेल्या कोणत्याही जागी नशेत तोल गेलेला अथवा गैरवर्तन करणारा माणूस दोषी ठरतो. त्याखेरीज, ज्याच्याकडे परवाना नाही असा माणूस नुसता नशेत आढळला तरी दोषी ठरतो. म्हणजे त्याने कोणाला त्रास दिला की नाही, हा प्रश्न तिथे गौण आहे. आणि तो परवाना म्हणजे काय, तर विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत एका दिवसाचा किंवा हजार रुपयांत आजीवन मिळणारा एक कागद, ज्यावर मद्य आरोग्य राखण्यासाठी हवे असल्याचे नमूद असते. बारमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारायला न गेलेलेच बरे. संपूर्ण बंदीसाठी लिहिलेले कलम अशा रीतीने उघड्यावरच्या मद्यपानाचे कलम होऊन बसले. 2020 मध्ये गड-किल्ल्यांवर मद्यपान करणाऱ्यांविरुद्ध कारवाईचे आदेश निघाले, तेव्हाही नवा कायदा न करता याच कायद्याकडे बोट दाखवण्यात आले.

गोव्याची वाट वेगळी आहे. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपली तरी मुंबईची दारूबंदी तिथे आली नाही. 1964 चा गोवा अबकारी कर कायदा नावाप्रमाणेच कराचा होता. काजूच्या हंगामात दारू गाळण्याच्या भट्ट्या लागणाऱ्या आणि गावोगावी बार असलेल्या समाजात पिणे हा गुन्हा नव्हताच, त्यामुळे उघड्यावर पिणे रोखायला वापरावे असे जुने कलमही हाताशी नव्हते. तक्रारी वाढल्या त्या पर्यटन फोफावल्यावर : वाळूत रुतलेल्या फुटक्या बाटल्या, त्यांनी कापलेले पाय, किनाऱ्याजवळ वाहने लावून चाललेला स्वयंपाक आणि पिणे. 2016 मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक जागा मद्यपानमुक्त जाहीर करण्याची सोय झाली. नंतर 2019 मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी असलेला 2001 चा कायदा दुरुस्त करण्यात आला आणि अशा स्थळी उघड्यावर मद्यपान करणे, स्वयंपाक करणे व बाटल्या फोडणे यांना बंदी आली. तेव्हा एकट्याला 2000 रुपये, तर गटाला 10,000 रुपये दंड ठरला होता.

या तरतुदींमध्ये पिणाऱ्याच्या परवान्याला काही स्थान नाही. किनाऱ्यावर दंड होतो तो जागेमुळे. काही पावलांवरच्या परवानाधारक शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहात, तीच बिअर बिनदिक्कत मिळते. बाटली विकत घेऊन वाळूत बसणारा आणि शॅकमध्ये ऑर्डर देणारा यांच्यातला हा भेद व्यवसायाच्या सोयीचा आहे, अशी शंका घ्यायला जागा राहते. पण फुटकी काच उचलणाऱ्याच्या दृष्टीने तो निरर्थकही नाही.