फ्लाइंग स्कूलची फी आणि परवान्याचा खर्च: या दोन रकमा एक नव्हेत

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा एखाद्या आयटी कंपनीत काही वर्षे नोकरी केल्यानंतर वैमानिक होण्याचा विचार करणारे अनेक जण नाशिकमध्ये भेटतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘सर्वांत स्वस्त फ्लाइंग स्कूल कोणते?’ हाच असतो. या प्रश्नाला उत्तर म्हणून चार-पाच संस्थांच्या फीचे आकडे एकाखाली एक लिहिले जातात, त्यांतील सर्वांत लहान आकड्याभोवती वर्तुळ काढले जाते, आणि त्या वर्तुळाच्या भरवशावर राजीनाम्याचा मसुदा तयार होतो. मला या पद्धतीची मनापासून चीड आहे, कारण पत्रकावर छापलेली कोर्सची फी ही एक गोष्ट आहे आणि व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत घरातून बाहेर गेलेली एकूण रक्कम ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. या दोन रकमांत पाच-दहा टक्क्यांचा फरक असता तर मी लिहिलेही नसते. अनेकदा तो इतका मोठा असतो की कमी फीची संस्थाच शेवटी महाग पडते.

फी म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक असणार, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांप्रमाणे सीपीएलसाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांत 100 तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन केलेले असावे लागतात आणि स्वतः केलेल्या क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणापर्यंतच्या उड्डाणाचे, किमान 20 तास असावे लागतात, त्यांतील एक उड्डाण किमान 300 सागरी मैलांचे. विमान कंपन्यांना इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, आणि मल्टी-इंजिन, म्हणजे एकाहून अधिक इंजिनांच्या विमानाची पात्रताही लागते. याखेरीज एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि टेक्निकल हे लेखी पेपर 70 टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागतात आणि रेडिओ संभाषणाचा आरटीआर परवाना वेगळा मिळवावा लागतो. पत्रकातील फी बहुधा यांपैकी फक्त उड्डाणाच्या तासांची असते. ती पुष्कळदा ‘185 अधिक 15’ अशी, म्हणजे एक इंजिनाच्या विमानाचे 185 आणि दोन इंजिनांच्या विमानाचे 15 तास, अशी मांडलेली असते. सिम्युलेटर, परीक्षा, वसतिगृह, गणवेश, लँडिंग शुल्क हे त्यात आहे की नाही, हे लेखी विचारून घेतले की हा भाग संपतो.

लोक खरोखर फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे कालावधी. संस्था 200 तासांचे पैसे घेते, पण ते तास किती महिन्यांत भरतील याची हमी सहसा देत नाही. पत्रकावर लिहिलेले ‘12 ते 15 महिने’ हे बहुधा अपेक्षा असते, करार नसतो. विद्यार्थ्याचे उड्डाण पुढे सरकते ते त्याच्या फीवर नव्हे, तर संस्थेकडे आज उडू शकणारी विमाने किती आहेत, ती किती विद्यार्थ्यांत वाटली जात आहेत आणि इन्स्ट्रक्टर किती हजर आहेत यावर. नोंदणी झालेले प्रत्येक विमान रोज उडत नाही. ठरावीक तासांनंतर त्याची सक्तीची तपासणी असते, सुट्या भागाची वाट पाहत एखादे विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये उभे राहते, आणि त्या काळात त्याच्या वाट्याचे विद्यार्थी उरलेल्या विमानांच्या रांगेत येतात.

हा फरक शब्दांत सांगून पुरत नाही, म्हणून निव्वळ उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवर हिशोब मांडतो. पहिल्या संस्थेची फी 42 लाख आहे, चालू स्थितीतील विमाने 6 आहेत आणि विद्यार्थी 60. दुसऱ्या संस्थेची फी 48 लाख, विमाने तितकीच 6, पण विद्यार्थी 30. दोन्हीकडे एक विमान दिवसाला 4 तास उडते आणि महिन्यात उड्डाणायोग्य दिवस 20 मिळतात असे धरले, तर दोन्ही संस्थांत महिन्याला एकूण 480 तासांचे उड्डाण होते. पहिल्या संस्थेत एका विद्यार्थ्याच्या वाट्याला महिन्याला 8 तास येतात आणि 200 तास भरायला 25 महिने लागतात. दुसऱ्या संस्थेत 16 तास येतात आणि साडेबारा महिन्यांत काम होते. आता नोकरी सोडून आलेल्या माणसाचे महिन्याचे बुडालेले निव्वळ वेतन 60,000 रुपये आणि राहण्या-जेवणाचा खर्च 15,000 रुपये धरा. पहिल्या संस्थेत फीव्यतिरिक्त 18 लाख 75 हजार रुपये जातात आणि एकूण रक्कम 60 लाख 75 हजार होते. दुसऱ्या संस्थेत हीच बेरीज 57 लाख 37 हजार 500 होते. सहा लाखांनी ‘महाग’ वाटणारी संस्था अशा रीतीने 3 लाख 37 हजार 500 रुपयांनी स्वस्त ठरली, आणि यात शैक्षणिक कर्जावरील वाढीव वर्षाचे व्याज मी अजून धरलेलेही नाही.

बारावीनंतर थेट आलेल्या मुलाला या हिशोबातील वेतनाचा स्तंभ लागू होत नाही. त्याच्यासाठी संथ संस्था हा वैताग असतो. तिशीतील माणसासाठी मात्र तो थेट आर्थिक तोटा असतो, शिवाय विमान कंपनीत रुजू होण्याचे एक वर्ष पुढे ढकलले जाते. तरीही करिअर बदलणारी माणसे अठरा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेल्या फीच्या याद्या जशाच्या तशा वापरतात, याचे मला वाईट वाटते.

संथपणाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो पत्रकात कुठेच दिसत नाही. उड्डाणाचे कौशल्य सरावावर टिकते. आठवड्यात चार-पाच सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणे, मिळणारा विद्यार्थी जे लँडिंग दोन दिवसांत सुधारतो, तेच लँडिंग दहा-बारा दिवसांच्या खंडानंतर आलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागते. मोठ्या खंडानंतर इन्स्ट्रक्टर त्याला एकट्याने सोडत नाही, आधी सोबत बसून तपासणीचे उड्डाण करतो, आणि ते योग्यच आहे, पण त्या तासाचे पैसे विद्यार्थीच भरतो. असे दहा जादा तास झाले आणि ताशी दर 15,000 रुपये धरला, तर दीड लाख रुपये आणखी वाढले. वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरणही याच लांबलेल्या काळात येते. घराच्या चौरस फुटाच्या भावावरून किल्ली हातात येईपर्यंतचा खर्च कळत नाही, तसाच ताशी दरावरून परवान्याचा खर्च कळत नाही.

मग संस्थेत जाऊन काय विचारावे? ‘कोर्स किती महिन्यांत होतो?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर पाठ केलेले असते. गेल्या बारा महिन्यांत किती विद्यार्थ्यांचे 200 तास पूर्ण झाले आणि त्यांतील प्रत्येकाचे पहिले उड्डाण कोणत्या महिन्यात झाले होते, हे विचारावे. आज सकाळी किती विमाने उडाली आणि किती हँगरमध्ये होती, हे विचारावे, आणि शक्य असेल तर सकाळी सहा वाजता धावपट्टीजवळ जाऊन स्वतः पाहावे. दोन इंजिनांचे विमान संस्थेचे स्वतःचे आहे की त्या 15 तासांसाठी दुसरीकडे पाठवले जाते, हे विचारावे, कारण शेवटच्या टप्प्यात तिथेच पुष्कळ विद्यार्थी महिनोन्‌महिने थांबतात. सर्वांत उपयोगी माहिती मात्र कार्यालयात मिळत नाही. ती 150 तास झालेल्या विद्यार्थ्याकडे मिळते. नुकताच पहिला सोलो, म्हणजे एकट्याने केलेले पहिले उड्डाण, करून आलेला विद्यार्थी त्याच आनंदात असतो आणि संस्थेची स्तुतीच करतो. 150 तास झालेल्याला विमान, इन्स्ट्रक्टर आणि हवामान या तिन्हींसाठी किती वाट पाहावी लागली, हे नेमके सांगता येते. त्याचे लॉगबुक पाहायला मिळाले तर कोणत्याही पत्रकापेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवावा.

डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे मानांकन सुरू केले, आणि पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही यादी जरूर पाहावी. संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे तर त्याआधी पाहावे, कारण हॉटेलच्या सभागृहात चर्चासत्रे घेणाऱ्या कित्येक ‘अकादम्या’ स्वतः उड्डाण शिकवतच नाहीत. त्या केवळ प्रवेश मिळवून देतात आणि त्याचे पैसे घेतात. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या कोणत्याही चर्चासत्रातून मी उठून बाहेर येण्याचाच सल्ला देईन.

बाकीचे फरक लोक फार रंगवतात, पण त्यांना तेवढे महत्त्व नाही. सेसना 172 वर शिकावे की डायमंड डीए 40 वर, पडद्यांचे कॉकपिट असावे की जुन्या घड्याळांचे, यावरून परवाना बदलत नाही. आपल्या घरापासूनचे अंतर हीदेखील बचत नव्हे. धुळे नाशिकपासून महामार्गाने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, शिरपूर त्यापुढे, बारामती दुसऱ्या दिशेला आणि गोंदिया राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण उद्याची सॉर्टी कधी आहे हे आदल्या संध्याकाळी कळते आणि पहाटे हजर राहावे लागते, त्यामुळे कुठेही गेले तरी तिथे मुक्कामच करावा लागतो. अंतरापेक्षा हवामान पाहावे: पर्जन्यछायेतील बारामतीला पावसाळ्यात उडता येण्याजोगे दिवस घाटाजवळच्या गावांपेक्षा जास्त मिळतात, तर उत्तरेकडील तळांवर हिवाळ्यातील धुके सकाळच्या सकाळ खाऊन टाकते. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे आणि नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचे विमानचालन प्रशिक्षण चालते, म्हणून ‘नाशिकमध्येच काहीतरी सोय होईल’ असे काहींना वाटते. गांधीनगरचे ते प्रशिक्षण लष्करी अधिकाऱ्यांसाठी आहे, नागरी विद्यार्थ्याला तिथे प्रवेश नाही.

विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांचा, म्हणजे त्यांनी स्वतःसाठी वैमानिक घडवण्याच्या योजनांचा, आकडा फ्लाइंग स्कूलच्या फीशेजारी ठेवणे हाही असाच घोळ आहे. कॅडेट योजनेच्या रकमेत बहुधा एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, धरलेले असते; फ्लाइंग स्कूलच्या फीत ते नसते, आणि त्यासाठी पुढे आणखी कित्येक लाख रुपये लागतात. परदेशात शिकणाऱ्यानेही भारतीय परवान्यात रूपांतर करताना डीजीसीएच्या परीक्षा आणि इथल्या तपासणी उड्डाणांचा खर्च मूळ आकड्यात मिळवूनच तुलना करावी.

जीएसटीचा एक मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण जुनी पत्रके अजून फिरत आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेच्या 54व्या बैठकीत, डीजीसीएच्या मान्यताप्राप्त संस्थांतील मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण करमुक्त असल्याचे स्पष्ट करण्याची शिफारस झाली आणि त्याप्रमाणे परिपत्रक निघाले. म्हणून सीपीएलच्या फीवर कोणी 18 टक्के लावत असेल तर त्याचा आधार लेखी मागावा.

नोकरी असताना काय उरकून घ्यावे, याबाबत माझे मत पक्के आहे. आधी डीजीसीएची दुसऱ्या वर्गाची, म्हणजे प्राथमिक, आणि लगेच पहिल्या वर्गाची, म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी, वैद्यकीय तपासणी करावी. एक रुपयाही फी भरण्यापूर्वी पहिल्या वर्गाचा निकाल हातात असावा, कारण रंगांधळेपणासारखी गोष्ट वैद्यकीय तपासणीतच कळते आणि ती कळल्यावर कोणतीही संस्था फी आनंदाने परत करत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर पात्रतेचा चालू नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. त्यानंतर लेखी पेपर नोकरी सांभाळत, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी अभ्यास करून द्यावेत. हे पेपर राजीनाम्यानंतर वसतिगृहात बसून देणे म्हणजे वेतन बुडवून ग्राउंड क्लास करणे होय, आणि पेपर बाकी असले की तास भरूनही परवान्याचा अर्ज अडकतो.

शेवटी प्रवेशाच्या दिवशीचा करार. पूर्ण रक्कम एकदम भरल्यास दोन-तीन लाखांची सूट देऊ, असा प्रस्ताव येतो आणि घरातील मंडळींना तो मोहात पाडतो. तो स्वीकारू नये, कारण पैसे पूर्ण मिळाल्यानंतर तुम्हाला रांगेत पुढे घेण्याचे संस्थेकडे कोणतेच कारण उरत नाही. हप्ते तारखेला बांधलेले नसावेत, उडलेल्या तासांना बांधलेले असावेत: 40 तास झाल्यावर पुढचा हप्ता, मग 80 तासांवर, मग 120 तासांवर. संस्था सोडल्यास न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, इंधनाचा दर वाढल्यास वाढीव रक्कम कोण आणि किती मर्यादेपर्यंत भरेल, आणि 200 तासांनंतर लागणाऱ्या जादा तासाचा दर काय असेल, ही तीन कलमे करारात लिहून घ्यावीत, आणि यांतील एखादे कलम लिहून देण्यास संस्था नकार देत असेल तर तिची फी कितीही कमी असली तरी तिथे धनादेश देऊ नये.