पॉइंट गेले की कंडेन्सर?

जुनी अँबॅसिडर घाटात बंद पडली की बॉनेटभोवती जमलेल्या चौघांतला एक तरी म्हणतोच, "पॉइंट गेले असतील, घासून बघा." घासल्यावर गाडी बहुतेक वेळा सुरूही होते आणि दहा किलोमीटरवर पुन्हा बंद पडते. माझी खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे एकाच रविवारी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढून आतले पॉइंट घासायला मला वीस मिनिटं लागत होती, आणि तेवढ्या वेळात शेजारचा कंडेन्सर थंड होत होता. गाडी सुरू होत होती ती त्यामुळे. पॉइंट बिचारे ठणठणीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गफलत होते याला कारण आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि रोटर काढला की हे दोघे एकाच प्लेटवर, एकाच वायरला धरून बसलेले दिसतात. (गॅरेजात या सगळ्या डब्याला डेल्को म्हणतात. डेल्को हे खरं तर अमेरिकन कंपनीचं नाव, चार्ल्स केटरिंगची. बॅटरीवरची ही इग्निशन तिने 1910 च्या कॅडिलॅकला दिली. आपल्याकडे मात्र लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरलाही डेल्कोच म्हणतात.) दुकानातही दोन्ही वस्तू बऱ्याचदा जोडीनेच हातात येतात.

पण कामं अगदी वेगळी. पॉइंट म्हणजे नुसता स्विच. मधला चौकोनी कॅम फिरतो, त्याचा कोपरा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, तोंडं उघडतात, कॉइलचा (बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या गुंडाळीचा) करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी जाते. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला फिरत असेल तर डिस्ट्रिब्युटर 1500 ला फिरतो आणि फेऱ्याला चार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला 100 वेळा ही उघडझाप होते. साहजिकच पॉइंट झिजतात. टाच झिजली की गॅप कमी होतो, तोंडं उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. हे सगळं हळूहळू होतं. पिकअप कमी झाला, चढावर गाडी रडते, सकाळी दोन सेल्फ जास्त लागतात, असं महिनोन्‌महिने चालतं.

कंडेन्सरला झीज नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात ना, तसा पॉइंट उघडताना कॉइलमधला करंट थांबायला तयार नसतो. तो उघडत्या फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर त्याला तेवढ्या क्षणापुरती जागा देतो. त्यामुळे फटीत आगीचा लोळ होत नाही, कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं, आणि ते झटक्यात कोसळतं म्हणूनच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. एवढ्या कामाला बोटाच्या पेराएवढी डबी आणि साधारण 0.2 मायक्रोफॅरड क्षमता पुरते. ती जाते ती मात्र एकदम, नाहीतर माझ्यासारखी तापल्यावर: गार असताना उत्तम, गरम झाली की सायलेन्सरमधून फटाके आणि मग गप्प. लोक याला पेट्रोलची वाफ झाली म्हणतात, कॉइलवर ओला फडका टाकतात. तेवढ्यात कंडेन्सरही थंड होतो आणि श्रेय फडक्याला जातं.

मग ओळखायचं कसं? बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. एक टोक कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या वायरीच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावा. चावी ऑन करून हँडलने इंजिन फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. दिवा सतत जळत राहिला तर पॉइंट मिटूनही करंट घेत नाहीत. तोंडांवर तेल, घाण किंवा काजळी आहे. दिवा लागतच नसेल तर आधी कॉइलपर्यंत करंट येतोय ना ते बघा. तो येत असेल, तर वायर कुठेतरी अर्थ झाली आहे, आणि कंडेन्सर आतून शॉर्ट असणं हे त्याचं एक कारण. दिवा नीट उघडझाप करतोय, पण पॉइंट उघडताना फटीत ठसठशीत निळी ठिणगी दिसते आणि प्लगला मात्र पिवळट, मरतुकडी? कंडेन्सर आतून तुटलाय.

काढलेले पॉइंट फेकण्याआधी त्यांचं तोंड बघावं. एकसारखा राखाडी रंग असेल तर सगळं ठीक. एका तोंडावर पुळी आणि समोरच्यावर खड्डा हे थोडंफार चालतं. पण नवे पॉइंट काही शे किलोमीटरमध्येच असे झाले, तर कंडेन्सरची क्षमता जुळत नाही अशी शंका घ्यावी. अशा पुळीवर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून गॅप सेट करू नये. गेज पुळीच्या टोकाला टेकतं आणि खरा गॅप गेज दाखवतं त्यापेक्षा जास्त निघतो.

नवे बसवताना पॉइंटच्या तोंडावरचा कंपनीचा तेलाचा थर आधी पुसा. टाच कॅमच्या कोपऱ्यावर असताना 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) गॅप ठेवा. लुकासच्या या डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिलिमीटर सांगितलाय. कॅमला ग्रीसचं नुसतं बोट लावा, जास्त नको, नाहीतर तेच उडून तोंडांवर बसतं. टायमिंग त्यानंतरच. गॅप हलला की टायमिंग हलतं, टायमिंग हलवलं तरी गॅप तसाच राहतो. उलट क्रमाने केलं तर काम दोनदा करावं लागतं.

आणि तो प्लॅस्टिकचा टोपीसारखा बुश! पॉइंटची स्प्रिंग, कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर, तिघांची टोकं एकमेकांना चिकटली पाहिजेत. मधल्या खुंटीला मात्र एकाचंही लोखंड लागता कामा नये. म्हणून वायरींची टोकं बुशच्या नळीभोवती, त्याच्या कडेच्या खाली, आणि नट सगळ्यात वर, त्या कडेवर. वायरीचं एक टोक बुशच्या कडेच्या वर, नटाखाली गेलं की नवे पॉइंट, नवा कंडेन्सर असूनही ठिणगी शून्य. टेस्ट लॅम्प लागणार नाही, आणि दोष जाईल कोऱ्या कंडेन्सरला. मी केलंय हे, दुकानदाराशी वाद घालून परत आल्यावर कळलं.

पॉइंट बदलले म्हणून चालता कंडेन्सर बदलायचा, हे मला पटत नाही. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर भरवशाचे नसतात. वीस वर्षं टिकलेला आणखी टिकण्याची शक्यता जास्त. नवा डिकीत ठेवावा. रस्त्यात गरज पडलीच तर डिस्ट्रिब्युटर उघडायचीही गरज नाही: त्याची वायर कॉइलच्या त्याच टर्मिनलला जोडा आणि डबी बॉडीच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टखाली कसा. आतला कंडेन्सर शॉर्ट असेल तर मात्र त्याची वायर आधी सोडवावी लागते. माझ्या गाडीला तो असाच बाहेर लटकतोय, गेली चार वर्षं.