प्रकाशन सोहळ्यानं कादंबरी खपत नाही

सीताबर्डीवर दणक्यात प्रकाशन केलं की आवृत्ती संपते, हा समज नागपुरात जुनाच. सभागृहात येतात नातलग आणि लेखकमित्र. त्यातल्या बऱ्याच जणांना प्रत भेटच हवी असते! खरी चूक क्रमाची. प्रती सोहळ्याच्या आदल्या दिवशी छापून येतात. परीक्षणं छापून येईपर्यंत दोन-तीन महिने जातात, तोवर चर्चा विझलेली असते. म्हणून छपाई दोन महिने आधी उरका. 15-20 प्रती विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’सारख्या नियतकालिकांना, परीक्षकांना, वाचनालयांना पाठवा. मलपृष्ठावर 100 शब्द पुरे, शेवट न फोडता. सोहळ्यात अभिवाचनाला संवादांची दोन-तीन पानं घ्या. ती मोठ्यानं वाचून बघण्याचं काम मात्र हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधीचं. जीभ अडखळते ते वाक्य तेव्हाच दुरुस्त होतं.